अजायबखान्याच्या पायरीवरचा माणूस

घरात पाहुणे आले की आमची सून कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवते. पाहुणे सरसावून बसतात, झाकण निघतं आणि त्यांचे चेहरे पडतात. आत बिस्किटं नसतात, जुनी फोटोची पोस्टकार्डं असतात, आणि सगळी एकाच विषयाची: वस्तुसंग्रहालयांच्या इमारती. घुमट, कमानी, मनोरे, पुढे ऐसपैस पायऱ्या आणि खाली पांढऱ्या अक्षरांत गावाचं नाव. संग्रहालयांची एवढी आवड कशी, असं सगळे विचारतात. खरं सांगायचं तर मी जन्मात दोनदाच संग्रहालयात गेले आहे, आणि त्यातल्या एका वेळी चप्पल चावत होती म्हणून सगळा वेळ बाकड्यावर बसून काढला.

पाहुणे घुमट बघतात, मी पायऱ्या बघते, तेही भिंग लावून. ह्या खोडीचं मूळ माझ्या धंद्यात आहे. मी माणसं पुसायचे.

परभणीत स्टेशनकडून बाजाराकडे जाताना आमचा फोटो स्टुडिओ लागायचा. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, तो निजामाच्या काळात काढलेला. फोटो आमचे हे काढायचे आणि त्यांतल्या माणसांची डागडुजी मी करायचे. याला रिटचिंग म्हणतात. लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात अण्णांनी मला बोलावून हातात पेन्सिल दिली, कारण त्यांची नजर उतरायला लागली होती आणि मी येताजाता प्रत्येक फोटोत नाक खुपसते हे त्यांनी हेरलं होतं. भोचकपणा हा सुनेचा गुण मानणारं परभणीत तेवढं एकच घर असावं.

काम समजायला सोपं आहे. निगेटिव्हमध्ये सगळा उलटा कारभार असतो. पांढरं धोतर तिथे काळं दिसतं आणि काळी सावली काचेसारखी पारदर्शक. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण म्हणजे निगेटिव्हवरचे पारदर्शक ठिपके. ते सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने भरायचे. याउलट एखादी पांढरी गोष्ट नको असेल तर निगेटिव्हवरचा तो काळा मसाला बारीक पात्याने श्वास रोखून खरवडायचा. पेन्सिलीने भरायचं आणि पात्याने खरवडायचं, एवढीच आमची विद्या. ह्या विद्येवर परभणी जिल्ह्यातल्या किती मुलींची लग्नं जमली असतील याचा हिशेब नाही. लग्नानंतर किती नवऱ्यांनी मला शिव्या दिल्या असतील, तो मात्र मनातल्या मनात मी अधूनमधून करते.

माणसं काढून टाकायचं कामही यायचं. गंगाखेडचे एक आडतवाले मुलीच्या लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन आले. साडूशी बिनसलं होतं, तेवढा साडू काढून हवा होता. मी तो पागोट्यापासून जोड्यांपर्यंत खरवडला आणि मागच्या भिंतीच्या विटा पेन्सिलीने जोडून घेतल्या. पुढे कधीतरी आडतवाले पुन्हा आले तेव्हा म्हणाले, "बाई, जावयाच्या खांद्यावर चार बोटं हायत. कुणाची?" साडूचा हात जावयाच्या खांद्यावर होता, तो माझ्याकडून राहून गेला होता. मी ओशाळून फोटो परत मागितला तर म्हणाले, "आता न्हाई देता येत. आमच्या आईनं ठरवलं की त्यो आमच्या वडलांचा आशीर्वाद हाय. रोज उदबत्ती लावायलीय." म्हणजे ज्या साडूचं तोंड बघायचं नव्हतं त्याच्या बोटांची पूजा चालली होती. अण्णा त्या दिवशी हसून हसून खोकले आणि मग म्हणाले, "माणूस काढणं सोपं असतं. त्याने जिथं जिथं हात लावलाय तिथून काढणं अवघड."

दुसरं काम मयताच्या फोटोचं. जिवंतपणी कधी फोटो काढलाच नाही असं माणूस गेलं की घरचे भावाचा, नाहीतर मुलाचा फोटो आणायचे आणि त्यावरून मी मयताचा चेहरा तयार करायचे. राणीसावरगावच्या एका शेतकऱ्याचा चेहरा मी त्याच्या थोरल्या भावावरून केला, मिशा जरा दाट केल्या. फ्रेम घरी गेली. त्याची बायको म्हणे त्या फोटोसमोरून जाताना दर वेळी डोक्यावर पदर ओढून घ्यायची. सासूने विचारलं तर म्हणाली, "भिंतीवर मोठे दीर बसलेत, पदर नगं घेऊ?"

हे मी हसत सांगते, पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. रात्रीच्या वरातीच्या फोटोंत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणाऱ्या बाया असायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "ह्या काढा, फोटो साफ करा." मी बायका काढायचे आणि उजेड ठेवायचे. नवरदेव घोड्यावर चकाकत राहायचा आणि तो कशाने चकाकतोय ते कुणाला कळायचं नाही. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही, आज वाटतं.

आता पोस्टकार्डांकडे येते. अण्णा फोटोचा कागद आणि औषधं आणायला रेल्वेने हैदराबादला जायचे. येताना जुन्या बाजारातून अशी कार्डं आणायचे, कारण आमचा पडदा रंगवणाऱ्या पेंटरला नमुना लागायचा. आमच्या स्टुडिओतल्या पडद्यावर दोन घुमटांचं एक संग्रहालय होतं. त्याला कुणी ताजमहाल म्हणायचं, कुणी हायकोर्ट. एका होतकरू नवरदेवाने तर हे आमचं घर म्हणून मुलीकडे कळवलं तर चालेल का, असं विचारलं होतं. अण्णांनी मला कार्डांची पारख शिकवली. भिंगाखाली धरायचं, बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर कार्ड छापील, मोठं करायला गेलं की नुसते ठिपकेच मोठे होणार. जाळी नसेल तर तो खरा फोटो, निगेटिव्हवरून एकेक कार्ड धुऊन काढलेला. त्याच्या पोटात डोळ्याला दिसतं त्याहून पुष्कळ जास्त असतं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, खेड्यापाड्यांत बौद्धांची घरं जळाली, त्याला दोनतीन वर्षं झाली असतील. एक दिवस सकाळच्या गाडीने दोघी मायलेकी आल्या. मुलगी शकुंतला, गंगाखेडला प्राथमिक शाळेत शिक्षिका. आई गयाबाई, साठीच्या पुढची, पालमच्या बाजूच्या एका खेड्यातली. शकुंतलाने शाळेच्या वहीतून एक पोस्टकार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. हैदराबादकडच्या एका संग्रहालयाची दगडी इमारत होती, मधे मोठा घुमट, पुढे रुंद पायऱ्या.

"हा मोठा करायचाय," ती म्हणाली.

"इमारत?"

"नाही. ह्यातला माणूस. माझे वडील आहेत."

मी कार्ड उजेडात धरलं. इमारत होती, दोन झाडं होती, रिकामा रस्ता होता. माणूस कुठेच नव्हता. मी शकुंतलाकडे बघितलं, तिने आईकडे बघितलं.

"हायत त्याच्यात," गयाबाई म्हणाल्या. "ते म्हनायचे, म्या हाय. मला बी अजून दिसले न्हाईत."

मग शकुंतलाने सांगितलं ते असं. तिचे वडील सखाराम तरुणपणी त्या अजायबखान्यात झाडलोटीला होते. आमच्याकडे जुनी माणसं संग्रहालयाला अजायबखाना म्हणतात. एका सकाळी एक फोटोवाला तिपाई घेऊन आला. सखाराम पायऱ्या झाडत होते. फोटोवाल्याने त्यांना तिथेच उभं केलं, हलू नको म्हणाला आणि डोक्यावर काळं फडकं घेऊन पुष्कळ वेळ बघत राहिला. पुढे कार्डं तयार होऊन आली तेव्हा तिथल्या कारकुनाने त्यांनाही एक दिलं. पोलीस ॲक्शनच्या सुमारास नोकरी सुटून ते गावी आले, ते हे कार्ड घेऊनच. गावात सगळ्यांना दाखवलं. कुणालाच माणूस दिसला नाही. तेव्हापासून ते गावात थापाडे ठरले. आतल्या हस्तिदंती पालखीचं सांगितलं तर लोक म्हणत, पालखीत बी तूच बसला असशील.

"ते म्हनायचे, लय बारीक आलोय म्हनून दिसत न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "एकदा पालमच्या बाजारातून भिंग आनलं. दिसभर वसरीत बसून बघितलं. मग भिंग ठिवून दिलं न् पुन्ना बोलले न्हाईत."

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"हसले मी," त्या म्हणाल्या. "गाव हसायलं, मी बी हसले. ते होते तवर हसले."

सखारामांचा दुसरा फोटो कधी निघालाच नव्हता. दंगलीत घर जळालं. कार्ड तेवढं शकुंतलाकडे गंगाखेडला होतं म्हणून वाचलं. आता नवं घर उभं राहिलं होतं आणि भिंतीवर घरधन्याचा फोटो हवा होता. पण गयाबाईंना फोटोपेक्षाही काहीतरी जास्त हवं होतं. त्या टेबलावर हात ठेवून मला म्हणाल्या, "बाई, खोटं असंल तर खोटं म्हनून सांगा. मी मानून घिईन. पर खरं असंल तर मला मरायच्या आधी कळू द्या. मी कुनाला हसले ते."

अण्णा मागच्या खोलीत बाजेवर पडून सगळं ऐकत होते. तिथूनच ओरडले, "आधी जाळी बघ!"

मी भिंग लावलं. जाळी नव्हती, कार्ड खऱ्या फोटोचं होतं. मग मी घुमटापासून खाली येत येत पायऱ्यांवर आले आणि तिसऱ्या पायरीवर थांबले. बाकी सगळ्या पायऱ्यांच्या कडा सरळ होत्या. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पायरीची कड मधे जराशी वाकडी होती, इमारत बांधणाऱ्या गवंड्याची चूक असावी इतकीच. पण तिथला दगड जरा जास्त गुळगुळीत होता आणि त्यावर केसासारख्या आडव्या रेघा होत्या. दुसऱ्या कुणाला ती दगडाची खडबड वाटली असती. मी त्या लगेच ओळखल्या, कारण रोज सकाळी माझ्या खिडकीशी मी अगदी अशाच रेघा पाडत होते. त्या पात्याच्या होत्या.

"अण्णा," मी म्हणाले, "इथे कुणीतरी होतं. त्याला खरवडलंय."

अण्णा काठी टेकत आले. त्यांनी स्वतः बघितलं, मग गयाबाईंसमोरच्या खुर्चीत बसून त्यांना समजावून सांगितलं. इमारत किती मोठी ते कळावं म्हणून फोटोवाले पायरीवर एखाद्या माणसाला उभं करतात, ते स्वतःही करायचे. "तुमच्या मालकांना उभं केलं असणार. पुढं कार्ड विकणाऱ्याला वाटलं असंल, एवढ्या झकास इमारतीपुढं झाडूवाला कशाला? म्हणाला असंल, साफ करा."

साफ करा. हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण मी खाली मान घातली.

तेवढ्यात मला ती दिसली. वाकड्या कडांच्या उजव्या हाताला, पायऱ्यांवर तिरपी पडलेली एक काळपट पट्टी. खांबाची सावली म्हणून डोळा पुढे सरकत होता, पण त्या बाजूला खांबच नव्हता. काय झालं असेल ते मला एका क्षणात कळलं, आणि ते आमच्या धंद्यातल्यालाच कळलं असतं. पांढऱ्या कपड्यांतला माणूस काढायला पातं लागतं. सावली काढायला पेन्सिल लागते. त्या कारागिराने माणूस खरवडला, पातं खाली ठेवलं, आणि पेन्सिल उचलायच्या आत चहा आला असेल, नाहीतर मालकाने हाक मारली असेल. परत येऊन बसला तेव्हा माणूस गेलेला दिसला, काम झालं असं त्याला वाटलं. मी जावयाच्या खांद्यावर चार बोटं ठेवली होती, त्याने पायऱ्यांवर अख्खी सावली ठेवली.

कार्ड कॉपीच्या स्टँडवर लावून दोन बाजूंनी दिवे टाकले आणि ह्यांनी फक्त तेवढ्या पायऱ्यांची निगेटिव्ह काढली. ती धुऊन वाळेपर्यंत चहा केला. आमच्या घरात अशा गिऱ्हाइकांसाठी एक वेगळा कप होता. हे लिहायला लाज वाटते, पण होता. कप एकच, माणसं दोन, म्हणून आधी गयाबाईंनी घेतला, मग तो विसळून त्यात शकुंतलाने घेतला.  

चहा घेताना मी गयाबाईंना मुद्दाम विचारलं, "मावशी, ते उभे कसे राहायचे?" भिंगाखाली मला नुसती पट्टी दिसली होती. आत काय निघेल ते मला ठाऊक नव्हतं आणि आशेने माणसाला काहीही दिसतं, म्हणून निगेटिव्ह मोठी करायच्या आत त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कसे म्हंजी? एका पायावर. दुसरा पाय गुडघ्याला लावून, काठीला टेकून, बगळ्यावानी. दारात, शेतात, कुटंबी. पोरं चाळे करून दाखवायची त्यांचे."

डार्करूममध्ये परक्याला घ्यायचं नाही हा अण्णांचा कायदा होता. त्या दिवशी मी अण्णांना न विचारता दोघींना आत घेतलं. लाल दिव्यात तिघी दाटीवाटीने उभ्या राहिलो. मी कागदावर उजेड पाडला आणि कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. पहिल्यांदा पायऱ्यांच्या कडा आल्या. मग दगडाचा पोत आला, मधली गुळगुळीत जागा आली, तिच्यावरच्या पात्याच्या रेघा आल्या. मग तिच्या बाजूने सावली भरायला लागली. ती प्रत्येक पायरीवर मोडून खाली उतरत होती, पण ओळखू येत होती. वर मुंडाशाचा फुगीर आकार होता. एका बाजूला लांब दांड्याचा झाडू उभा होता. खाली एकच पाय होता आणि त्याच्या गुडघ्याशी दुसऱ्या पायाचा त्रिकोण.

आयुष्यभर फोटो धुतले, पण इतकी वाट बघून कुठला फोटो वर आलेला मला आठवत नाही.

गयाबाई ट्रेवर वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "हलू नगं म्हनलं तरी पाय दुमडूनच उभे." आणि पदर तोंडाला लावून त्या ट्रेतल्या ओल्या कागदाशी बोलल्या, "खरं सांगत व्हते वो तुमी. मी हसले वो तुमाला."

शकुंतलाने त्यांना धरून बाहेर आणून बसवलं. मी कागद फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या पाण्यातून काढून धुतला आणि वाळायला टांगला. आम्ही तो फोटो बघत राहिलो. 

शेवटी शकुंतला म्हणाली, "ताई, त्यांनी काढलेला माणूस तुम्हाला परत घालता येईल ना? सावली आहे, उंची कळते, मुंडासं कळतं. माझं नाक, हनुवटी बाबांसारखीच आहे म्हणतात. तेवढं बघून काढा."

मला येत होतं. ह्याहून कमी सामानावर मी माणसं उभी केली होती. आणि मला ते करायचंही होतं, अगदी मनापासून. इतकी वर्षं पुसून काढलेल्या सगळ्यांच्या बदल्यात एक माणूस परत ठेवावा असं वाटत होतं. मी पेन्सिलीचं टोक काचकागदावर घासायला सुद्धा घेतलं.

"नगं," गयाबाई म्हणाल्या.

"आई, नुसती सावली कशी लावायची भिंतीला? लोक काय म्हणतील?"

गयाबाई उठल्या, टांगलेल्या फोटोपाशी गेल्या. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आता थांबलं होतं.

"आमच्या गावात ह्यांची सावली अंगावर पडली की लोकं घरी जाऊन आंघुळ करायचे, बाई. म्या बघितलंय. हे येताना दिसले की रस्ता सोडून उन्हात उभे ऱ्हायचे, सावली लागू न्हाई म्हनून. आता मानूस खरवडून टाकला त्यांनी, न् तीच तेवढी ऱ्हायली. ऱ्हाऊ द्या. मी भिंतीला न्हाई लावत, दाराच्या चौकटीवर लावते. माज्या घरी ज्याला यायचं त्यानं तिच्याखालून यावं."